खांबाभोवतीची फट

चारुशीला ही माझी धाकटी जाऊ, आणि मला ती आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे घडलं ते मी तिच्यावरच्या मायेपोटी केलं असा कुणाचा गैरसमज व्हायला नको. तिचंही माझ्याबद्दल तेच मत आहे. त्या बाबतीत आमच्यात कधी मतभेद झाले नाहीत.

आम्ही महाडचे. आमच्या ह्यांचं पेठेत भुसाराचं दुकान. नाव घेतल्याशिवाय तुम्हाला पुढचं कळायचं नाही म्हणून एकदाच घेते: रघुवीर. ह्यांचे धाकटे भाऊ बाळभाऊजी शाळेत शास्त्र शिकवायचे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला वडिलांच्या मागे दोघांना एक टेकडी मिळाली होती. तिच्यावर गवत आणि कातळ. ह्यांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, आणि बाळभाऊजींनी तिच्यावर वेधशाळा बांधली.

कुणाला पत्त्यांचं वेड असतं, कुणाला कुस्त्यांचं. त्यांना आकाशाचं होतं. मुंबईच्या कुठल्याशा लिलावातून एक जुनी दुर्बीण घेऊन आले. ती चारचौघींसारखी इकडेतिकडे फिरत नाही. दक्षिणेकडून उत्तरेकडे नुसती मान खालीवर करते. आत कोळिष्टकाचा धागा ताणलेला आहे. सूर्य माथ्यावर आला की त्या धाग्यावरून जातो, आणि तो खरा मध्यान्ह. बाकी आपली घड्याळं म्हणजे थापा. एवढ्यासाठी घर बांधलं, आणि त्या घरात चारुशीलेच्या पाटल्या आणि गोठ गेले. तिने आपणहून काढून दिले. हे महाडात सर्वांना ठाऊक आहे, कारण सासूबाईंनी ते सर्वांना सांगितलं.

घर कसं, तर जांभ्याच्या भिंती, वर कौलं, शेजारी राहायची एक खोली आणि पडवी. आणि मोठ्या खोलीच्या छपराला दक्षिणोत्तर चीर. फळ्या सरकवल्या की घर पोट फाडल्यासारखं उघडं पडायचं. आमच्याकडे झड आत येऊ नये म्हणून माणसं भिंतींनासुद्धा गवताचे झाप बांधतात. ह्या माणसाने आपल्या हातांनी छपराला भोक पाडलं आणि वर पेढे वाटले.

पण खरी गोम छपरात नव्हती, खाली होती. खोलीच्या मधोमध काळ्या दगडाचा छातीएवढा खांब होता आणि त्यावर दुर्बीण. खांब थेट खालच्या कातळावरून उठवलेला, आणि त्याच्याभोवती चारी बाजूंनी जमिनीत फट. तळहात उभा घातला तर सहज जाईल एवढी रुंद आणि कमरेएवढी खोल. खोलीची जमीन खांबाला कुठेही टेकत नव्हती.

मी पहिल्यांदा वर गेले तेव्हा म्हटलं, गवंड्याने काम अर्धवट टाकलेलं दिसतंय. बाळभाऊजी हसले आणि मला समोर बसवून शिकवायला लागले. शिक्षकाला श्रोता मिळाला की तो सोडत नाही. म्हणाले, "वहिनी, पूर्वी राजेलोक दगडाचीच यंत्रं बांधायचे. जिन्याएवढी, वाड्याएवढी. घर तेच यंत्र. जेवढं मोठं तेवढं अचूक, असा हिशेब. पण एक दगड खचला की आकाशच सरकायचं. मग दुर्बिणी आल्या, आणि विलायतेतल्या लोकांनी त्या उंच मनोऱ्यांवर नेऊन ठेवल्या. वर जाऊ तितकं आकाश जवळ, ही समजूत. मनोरा वाऱ्याने हलायचा, कुणी जिना चढलं तरी हलायचा. शेवटी शहाणे झाले आणि खाली उतरले. खांब कातळातून वर काढला आणि घराला त्याच्यापासून तोडून टाकलं. आता घराचं काम एकच. यंत्राला शिवायचं नाही."

मी म्हटलं, "म्हणजे एवढी वर्षं डोकं खाजवून त्यांना हे कळलं, की चांगलं घर ते, जे आपल्या माणसाला शिवत नाही. ते तर आपल्या घराण्याला आधीच ठाऊक होतं."

बाळभाऊजी हसले. चारुशीला हसली नाही. ती पाऱ्याची थाळी घेऊन आली आणि खांबाच्या माथ्यावर ठेवली. दक्षिणेकडच्या फळ्या उघड्या होत्या, तिथून ऊन पाऱ्यावर पडलं आणि उत्तरेकडच्या मिटलेल्या फळ्यांवर रुपयाएवढा कवडसा उठला. मला म्हणाली, "आता चाला."

मी खोलीभर चालले. कवडसा जागचा हलला नाही.

"वहिनी, तुम्ही चालता की भात कांडता?" ती म्हणाली. "पण असू दे. तुम्ही टाचा आपटा, नाचा, पडा. तुमचं काहीही ह्या खांबापर्यंत पोचत नाही."

ही तिची बोलायची रीत. त्या दिवसापासून मी तिच्या घरात मुद्दाम टाचा आपटत चालते.

ती फट एकदा बुजलीही होती. सारवायला खालच्या वाडीतली ठकूबाई यायची. तिने पहिल्याच महिन्यात शेणमाती कालवून फट छान लिंपून टाकली आणि वर बोटांची नक्षी काढली. जमिनीत फट म्हणजे जनावराला आवतण, हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. बाळभाऊजी, जे कुणावर आवाज चढवत नसत, ते तिच्यावर ओरडले. मग तिला समजेल असं म्हणून सांगितलं, की खांब सोवळ्यात आहे, जमीन त्याला शिवली की वेध बाटला. ठकूबाई म्हणाली, "दगूड सोवल्यात नि तुमी वसरीला. बरा हाय." आणि वर्षभर आली नाही.

पुढे बाळभाऊजी विषमज्वराने गेले. चौदावा झाला तसे हे चारुशीलेला म्हणाले, "सामान बांध." ती म्हणाली, "वेध कोण घेणार?" ह्यांना वाटलं दुःखाने डोकं फिरलंय, उतरेल हळूहळू. ते उतरलं नाही. ती टेकडीवर गेली आणि तिथेच राहिली. केस काढले नाहीत, आलवण नेसली नाही. रोज मध्यान्हीला दुर्बिणीला डोळा लावायची आणि मिळालेले आकडे पोस्टाने पुण्याला धाडायची. फटीतला केरकचरा लोखंडी सळईने स्वतः काढायची. हे म्हणाले, ओढून आणतो. तिने निरोप पाठवला, आणा, पोलादपूरच्या बाजारातून ओरडत येईन. ह्यांना अब्रू जिवापेक्षा प्यारी, म्हणून गप्प बसले. महिन्याला तांदळाचं लहानसं पोतं मात्र पाठवावं लागायचं, नाहीतर लोक म्हणाले असते, भावजयीला उपाशी मारलं. दुकानाची गाडी पोलादपूरला जायची, तिच्यातून ते पोतं मी न्यायची. एकट्या बाईच्या दारात पुरुषमाणूस कसा पाठवायचा?

तळ्याच्या पाण्यावरून महाडात डोकी फुटली त्याला तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. आमच्या आळीत अजून कोण कुणाला शिवलं याखेरीज विषय नव्हता. त्याचा कंटाळा आला की चारुशीलेचा निघायचा. टेकडीवर एकटी, केस राखलेली, छपराला भोक असलेल्या घरात. मला सगळ्या विचारायच्या, "काय हो गोदावरीबाई, कधी आणताय खाली?" मी गोड हसायची आणि मनात म्हणायची, कधीच नाही. तिला माझ्या घरात आणायची? माझ्या चुलीपाशी? ती माझ्या आमटीचं तापमान मोजेल. शिवाय एका ओट्यावर दोन बायका, त्यातली एक दुसरीपेक्षा शहाणी, आणि ते दोघींनाही ठाऊक. असं घर मी माहेरी पाहिलं आहे. नको.

अशात पुण्याच्या एका मंडळाचं पत्र आलं. पुण्यात तेव्हा पंचांगांची भांडणं चालली होती, कुणाचं ग्रहण खरं आणि कुणाची संक्रांत खोटी. ह्या मंडळाला स्वतःची वेधशाळा हवी होती. चारुशीलेचे आकडे त्यांना पटले होते. जागा बघायला येतो म्हणाले.

चारुशीलेला मी पहिल्यांदाच आनंदात पाहिलं. तिला वाटलं, आता मंडळ आपल्याला रीतसर नेमेल, ही खोली आपली होईल, मग कुणी सामान बांध म्हणणार नाही. ह्यांनाही आनंद झाला, पण वेगळ्या कारणाने. मंडळ दारावर वडिलांच्या नावाची शिळा बसवणार होतं. आणि मीही खूश, कारण ती वरच राहणार. तिघांचा आनंद, आणि तिघांची तोंडं तीन दिशांना.

मार्गशीर्षात प्रोफेसर दामले महाबळेश्वरचा घाट उतरून मोटारीने आले. गोरे, नाकेले, काठीला चांदीची मूठ. ह्यांच्या-माझ्याबरोबर टेकडी चढून आले आणि आधी चहा मागितला. चारुशीला म्हणाली, "आधी मध्यान्ह. चहा त्याच्यानंतरही गरम करता येतो." प्रोफेसरांच्या भुवया वर गेल्या, पण ते उठले.

तिने थाळी ठेवली. कवडसा उठला. प्रोफेसर खोलीभर चालले, काठी आपटली. मग ह्यांना म्हणाले, "तुम्ही जरा उडी मारा." ह्यांनी धोतर सावरून उडी मारली. एवढ्या वर्षांच्या संसारात तेवढं एक सुख मला त्या वेधशाळेने दिलं. कवडसा खिळा ठोकल्यासारखा जागच्या जागी. प्रोफेसर गुडघ्यावर बसले, फटीत बोट फिरवलं, खाली वाकून कातळ बघितला. म्हणाले, "तुमच्या भावाने काम उत्तम केलंय. पुण्याला असं बांधकाम नाही. मंडळ ही जागा घेईल."

चारुशीलेने डोळे मिटले. मला वाटलं रडते की काय. मी मान फिरवली. तिचं रडणं पाहायची माझी तयारी नव्हती.

मग चहा झाला, आणि चहाबरोबर उरलेलं बाहेर आलं. प्रोफेसर म्हणाले, "आमचा एक पदवीधर आहे, गणितात पहिला आलेला. फाल्गुनात त्याला घेऊन येतो. त्याच्या राहण्याची सोय ह्या शेजारच्या खोलीत होईल."

"आणि मी?" चारुशीलेने विचारलं.

"तुम्ही आता विश्रांती घ्या. एवढी वर्षं फार कष्ट घेतलेत. मंडळ अहवालात तुमचा उल्लेख करील."

"ते आकडे माझे आहेत. तुम्हाला पटले ते माझे आकडे."

"अर्थात. पण बाई, जनरीत पाहायला हवी. तरुण मुलगा इथे एकटा राहणार. आणि वेधांवर सही पदवीधराची हवी, नाहीतर समोरचा पक्ष आम्हाला हसेल." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "घरची मंडळी घेऊन जातीलच की तुम्हाला."

हे म्हणाले, "म्हणजे काय, हक्काचं घर आहे तिचं."

हक्काचं घर. कुठे झोपणार होती ती, हे मला ठाऊक होतं. कोठीच्या मागची अंधारी खोली, जिला खिडकीसुद्धा नाही. वर आकाश दिसायचा प्रश्नच नव्हता. आणि तिच्या तोंडावर त्या खोलीचं दार रोज लावायचं काम माझं.

त्या रात्री घरी मी ह्यांच्याशी भांडले. म्हटलं, ती आली तर मी दासगावला माहेरी जाते. ते म्हणाले, "मंडळाने जागा घेतली की ती तिथे राहणार कशी? जागा घेतली नसती तर गोष्ट वेगळी. त्या फाटक्या छपराखाली आपली म्हैससुद्धा उभी राहायची नाही, मग राहू दे हवं तर तिला." आणि कूस बदलून घोरायला लागले. मी मात्र त्यांचं शेवटचं वाक्य धरून जागी राहिले.

पुढच्या खेपेला तांदूळ घेऊन गेले तेव्हा ती पडवीत बसली होती. मी पोतं टाकलं आणि म्हटलं, "तुला माझ्या घरी यायचंय?"

"तुमच्या घरी येण्यापेक्षा सावित्रीचा डोह बरा," ती म्हणाली.

"डोहापर्यंत जायची गरज नाही. फट बुजव."

तिने पोत्याकडे नेलेला हात मागे घेतला. मी म्हटलं, "कवडसा हलला तर पुणेकरांना ही जागा नको. त्यांना नको म्हणजे कुणालाच नको. मग तू आणि तुझं आकाश, घाला काय घालायचा तो गोंधळ."

ती उठली आणि माझ्या अंगावर आली. मला वाटलं मारते. "ती फट त्यांनी पाच महिने खपून राखली," ती म्हणाली. "गवंड्याने एक दगड टेकवला म्हणून सगळा थर उतरवला. तुम्हाला काय कळणार? तुम्ही आयुष्यात एक गोष्ट सरळ उभी केली आहे का?"

"चार पोरं केली आहेत. सरळ आहेत की नाहीत ते बघू पुढे," मी म्हटलं. "तुला इथे राहायचंय की नाही, तेवढं सांग."

ती आत गेली. मी पडवीत बसून राहिले. फळ्या सरकवल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. मध्यान्ह झाला असावा. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणाली, "शेणमातीने भागणार नाही. ती पुणेकर सकाळी सकाळी उकरून काढतील आणि बारा वाजता मोकळे होतील. बुजवायचं तर असं, की खांब पाडल्याशिवाय निघणार नाही."

"चुना," मी म्हटलं.

माझं माहेर दासगावचं. खाडीतून होडीने चुना यायचा आणि माझे वडील तो विकायचे. शिंपल्याचा चुना, वाळू, विटेचा चुरा आणि हिरड्याचं नि गुळाचं पाणी. नीट तिंबला तर पुढे पहारीला दाद देत नाही. भावाला निरोप धाडला, गच्ची गळते म्हणून. गाडीतून तांदळाखाली चुना वर गेला. ह्यांच्याच गाडीतून, ह्यांच्याच बैलांनी. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

तिंबायला ठकूबाईला बोलावलं. काय करायचंय ते कळल्यावर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तवा भाऊ माज्यावर वराडलं, नि आता तुमीच बुजव बोलता. शिकल्याल्या मानसांचा काय खरा नाय गो." पण पदर खोचून कामाला लागली. तिचं म्हणणं शेवटी खरं ठरत होतं, आणि त्याच्यासारखी मजुरी नाही.

पहिलं घमेलं चारुशीलेनेच ओतलं. मी म्हटलं, मी ओतते. ती म्हणाली, "तुम्ही हात लावू नका." चुना फटीतून खाली गेला तेव्हा चिखलात पाय रुतावा तसा आवाज झाला. तिने दुसरं घमेलं ओतलं, तिसरं ओतलं, सळईने ठासलं. एवढ्या वर्षांत ज्या सळईने कचरा काढायची, त्याच सळईने. ओतताना ती रडत होती आणि शिव्या देत होती. पुण्याला, आमच्या ह्यांना, मला, आणि मधूनच बाळभाऊजींना. मला तिची कीव आली असं म्हणणार नाही. राग आला, आणि तो पहिल्यांदाच तिचा नव्हता. शेवटी ठकूबाईने वरून शेण सारवलं आणि खांबाच्या पायाशी बोटांची नक्षी काढली. पूर्वी काढली होती तीच.

फाल्गुनात प्रोफेसर आले. बरोबर तो पदवीधर, चष्मा लावलेला, आणि मागे हे. मीही गेले, पाहुण्यांचा स्वयंपाक म्हणून. पदवीधराने आल्याआल्या चारुशीलेची खोली बघितली आणि खाट कुठे टाकायची ते ठरवलं. मध्यान्हाला थाळी ठेवली गेली. कवडसा उठला. प्रोफेसरांनी एक पाऊल टाकलं, आणि तो उकळत्या पाण्यावरच्या उन्हासारखा फळ्यांवर तुटून थरथरायला लागला.

प्रोफेसर थांबले. कवडसा थांबला. पुन्हा पाऊल टाकलं. पुन्हा तेच. ते खाली वाकले आणि काठीने सारवण खरवडलं. खाली पांढरा चुना, दगडासारखा. त्यावर काठी आपटली तर मूठ खणखणली.

"इथे फट होती," प्रोफेसर म्हणाले. "कुणी बुजवली ही?"

मी चारुशीलेकडे पाहिलं. ती तोंड उघडत होती. तिला खोटं बोलता येत नाही. वेध घेणाऱ्या माणसांना हा रोगच असतो. आणखी एक क्षण गेला असता तर तिने सगळं सांगितलं असतं, चुन्याच्या प्रमाणासकट.

"मी," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे वळले. मी पदर डोक्यावर ओढला आणि जमेल तेवढा बावळट चेहरा केला. "पाहुणे राहायला येणार म्हणून. जनावर शिरतं हो असल्या फटीत. गेल्या पावसाळ्यात कोठीत केवढं निघालं होतं. म्हटलं, मुलगा लांबून येणार, आई-बापांचा असेल एकुलता एक. म्हणून पक्कं करून घेतलं. जाऊबाई महाडला आल्या होत्या तेव्हा केलं. चुकलं का काही?"

ह्यातलं एक अक्षरही खोटं आहे असं त्या तिघांपैकी एकालाही वाटलं नाही. चारुशीला कधी महाडला आली होती, असंसुद्धा ह्यांनी विचारलं नाही. बायका असंच करणार, याबद्दल त्यांची इतकी खात्री होती. प्रोफेसरांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, "एवढ्या विचाराने उभं केलेलं बांधकाम, आणि एका अडाणी बाईने सापाच्या भीतीने..." पदवीधराने विचारलं, फोडता नाही का येणार? प्रोफेसर म्हणाले, "कातळापर्यंत मुरलंय. छिन्नी लावलीस की खांबच हलेल. हा पाडून नवा बांधायचा तर जागा नवीच का घेऊ नये?" मंडळाला आता ह्या टेकडीत रस नव्हता.

हे मला सर्वांदेखत मूर्ख म्हणाले. गाडीत म्हणाले, घरी आल्यावर म्हणाले, पुढे महिनाभर आल्यागेल्याला सांगत राहिले. वडिलांची शिळा गेली ना. मी ऐकून घेतलं. बायको मूर्ख आहे एवढं कळलं की नवरा पुढचे प्रश्न विचारत नाही, हे मला फार पूर्वीच कळलं होतं. चारुशीलेला खाली आणायचं मात्र त्यांनी पुन्हा काढलं नाही. दासगावला जायची धमकी मी विसरले नव्हते, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

उन्हाळ्यात मी पोतं घेऊन वर गेले. मध्यान्हीची वेळ. दार लोटलेलं होतं. मी पडवीची पायरी चढत होते, हाक मारायच्या आत आतून आवाज आला, "या वहिनी."

मी आत गेले. तिचा डोळा दुर्बिणीला होता, पाठ माझ्याकडे. म्हटलं, "न बघता कसं कळलं?"

तिने मान न वळवता वर बोट केलं. थाळी खांबावर होती, आणि फळ्यांवर कवडसा थरथरत होता. "ठकूबाई आली की बारीक शहारतो," ती म्हणाली. "खालून मोटार गेली की नुसता सुजल्यासारखा होतो. तुमचा असा येतो, दोन-दोन धक्क्यांचा. टाचा."

"आणि वेध?"

"चुकतात." ती आता माझ्याकडे वळली. डोळ्याभोवती दुर्बिणीची गोल खूण उठली होती. "रोज चुकतात. माझ्या श्वासानेसुद्धा हलतो. रोज बारा वाजता मला वाटतं, त्यांना मी दुसऱ्यांदा मारलं."

मी म्हटलं, "मेलेल्या माणसाला जागा लागत नाही. तुला लागत होती."

"तुम्ही हे माझ्यासाठी केलं नाहीत."

"नाही. माझ्या चुलीसाठी केलं."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. "आता उभ्या राहा. हलू नका. येतोय तो धाग्यावर."

मी पोतं हातात तसंच धरून उभी राहिले. खाली ठेवलं असतं तर सूर्य हलला असता. हात भरून आले, खांदा दुखायला लागला, मनात तिला चार शिव्या घातल्या. पण पाय उचलला नाही. फळ्यांवरचा कवडसा हळूहळू निवत गेला.